तुळसाबाई हयात आहेत

केनवडच्या बाजारात हरीओम सर वांगी घ्यायला म्हणून खाली बसले आणि हातातलं वांगं हातातच राहिलं. वांगी विकणारी तुळसाबाई पाय पसरून बसली होती. त्या दोन्ही पायांत चांदीचे असे जाडजूड तोडे होते की सरांना भाव विचारायचं भानच उरलं नाही. ते खाली मान घालून इतका वेळ पाहत राहिले की शेवटी शेजारची मिरच्यावाली म्हणाली, "माय वो, पाय झाक. हा मानूस कवाचा पाहून राह्यला."

आता सरांची बाजू सांगायलाच हवी, कारण ती पुढे कोणीच सांगणार नाही. हरीओम सरांची रिसोडला टायपिंगची संस्था आहे. स्वभावाने गरीब, चालचलणुकीने स्वच्छ, आणि व्यसन म्हणाल तर एकच, जुन्या चांदीच्या दागिन्यांचं. हे व्यसन त्यांना कसं लागलं ते त्यांच्या बायकोलाही कळलेलं नाही. सोनाराकडे मोडीत आलेली चांदी वितळायला मुशीत जायच्या आत गाठायची आणि घरी आणून काचेच्या कपाटात मांडायची, एवढाच तो उद्योग. त्या कपाटात पूर्वी नीलिमावहिनींचा माहेरून आलेला टी-सेट होता. तो आता माळ्यावर आहे, आणि घरात पाहुणे आले की त्याचा विषय निघतोच.

कपाटात हातातले गोठ होते, दंडातल्या वाक्या होत्या, गळ्यातली सरी होती, कुण्या लेकराच्या बिंदल्या होत्या. नव्हते ते फक्त पायातले जुने तोडे. ते मिळत नाहीत, कारण ते निघतच नाहीत. आपल्याकडे जुन्या काळी नवरीचा पाय सोनार मांडीवर घ्यायचा, तोडा चढवायचा आणि त्याची तोंडं ठोकून बंद करायचा. मग बाई त्या तोड्यांसकट निंदणाला जायची, बाळंत व्हायची, म्हातारी व्हायची. तोडे निघायचे ते ती गेल्यावर, आणि निघाले की लेकी-सुनांच्या वाटणीसाठी सरळ मुशीत जायचे. म्हणजे सरांच्या हाती लागायची फट जवळजवळ नव्हतीच.

"आजी, हे तोडे द्याल का? म्हणाल तो भाव देतो," सरांनी शेवटी तोंड उघडलं.

"निंघत नाई थे, भाऊ," तुळसाबाई म्हणाली. "आता मी मेल्यावरच निंघतीन."

सरांचा चेहरा एवढासा झाला. तुळसाबाईच्या हातून कोणी नाराज होऊन गेलं नव्हतं, गिऱ्हाईक तर नाहीच. तिने मेथीच्या जुड्या बांधणाऱ्या आपल्या लेकाला हाक मारली. "जानराव, आयकलं का? मी मेली की हे तोडे या टायपिंगवाल्या भाऊले देजो. पैसे घेऊ नको त्याच्यापासून. माहा शब्द हाये."

जानरावने मान हलवली. मिरच्यावालीने मान हलवली. पलीकडच्या कांदेवाल्यानेही उगाचच हलवली. तुळसाबाईने वर दोन वांगी जास्तीची टाकली, आणि सर जीपमध्ये बसून तरंगतच घरी आले.

नीलिमावहिनींनी सगळी हकीकत ऐकून घेतली, वांगी पिशवीतून काढली आणि म्हणाल्या, "म्हणजे तुमी एका बुढीच्या मरनाचं बुकिंग करून आले."

सरांना हा शब्द फार लागला. पण तोवर हाच अर्थ जीपने, एसटीने आणि दुधाच्या गाड्यांनी सगळीकडे पोचला होता. दुसऱ्या दिवसापासून केनवडहून येणारा जो तो संस्थेच्या दारात गाडी हळू करून सरांना तुळसाबाईच्या तब्येतीची खबर देऊ लागला. "सर, बुढी टनटनीत हाये, आजच वांगे तोडताना पाह्यली." "सर, खोकला हाये तिले जरासा, पन लय आशा ठेवू नका." संस्थेत स्पीडची परीक्षा चालू असताना एकाने खिडकीतून डोकं घालून सांगितलं, "भाकरी दोन खाल्ल्या काल. अजून टाइम हाये तुमाले." त्या खेपेला अख्ख्या बॅचच्या चुका वाढल्या.

सरांच्या शेजारी राजपालभाऊ राहतात. ते बँकेतून रिटायर झाले आहेत, त्यामुळे सल्ला देण्याचं काम आता पूर्ण वेळ बघतात. त्यांचं म्हणणं पडलं, "सर, तोंडी शब्दावर जाऊ नका. आन जाणं-येणं ठेवा. मानूस डोळ्यासमोर राह्यला पायजे, नाई तं ऐन टायमाले दुसराच कोनी घेऊन जाईन."

सरांना ते पटलं. पटायला नको होतं. ते दर बाजाराला तुळसाबाईकडे जाऊ लागले. एकदा तिच्या खोकल्यासाठी औषधाची बाटली घेऊन गेले, तर मिरच्यावालीने ती हातात घेऊन नीट हुंगली आणि म्हणाली, "पह्यले तुमी घ्या एक चमचा." सरांना भर बाजारात औषध प्यावं लागलं. मग चिडून त्यांनी जाणंच बंद केलं, तर निरोप आला की बुढी म्हणते, तोडे कबूल झाले तसा भाऊ फिरकला नाही, गरज सरो वैद्य मरो. गेलं तर गिधाड, नाही गेलं तर बेइमान. माणसाने करावं तरी काय?

सरांनी ठरवलं की आपला हेतू किती शुद्ध आहे ते जगाला दाखवायचं. इथून खरी घसरगुंडी सुरू झाली. शुद्ध हेतू जगाला दाखवायला जाऊ नये. तो घरात ठेवावा.

वाचनालयाच्या हॉलमध्ये जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरणार होतं. सरांनी आपलं सगळं कपाट तिथे मांडायचं कबूल केलं. तोडे नव्हते, पण तोड्यांची जागा रिकामी ठेवायलाही मन होईना. मग त्यांनी तुळसाबाईला ओट्यावर बसवून एक सुंदर फोटो काढला. चेहरा हसरा, पाय पुढे, तोडे उन्हात चमकताहेत. खाली मजकूर एवढाच, 'वऱ्हाडी तोडे. तुळसाबाई, केनवड.' हा फोटो त्यांनी फ्लेक्सवाल्या अंकुरला मोबाईलवर पाठवला आणि सांगितलं, "मोठा काढ. लोकांनी दुरून ओळखलं पाहिजे."

फ्लेक्स उद्‌घाटनाच्या सकाळी गुंडाळी होऊन आला. पोरांनी तो तसाच वर बांधला, दोरी ओढली, आणि पाहुण्यांच्या समोर, नारळ फुटायच्या आत, तुळसाबाई उलगडली. गळ्यात झेंडूचा हार. दोन्ही बाजूंना समया. डोक्यावर मोठ्या अक्षरांत 'भावपूर्ण श्रद्धांजली'. खाली 'शोकाकुल' म्हणून हरीओम सरांचा फोटो, आणि एकच फोटो बरा दिसत नाही म्हणून शेजारी राजपालभाऊंचा. पाहुणे समंजस होते. ते लगेच उभे राहिले, त्यांच्यामागे सगळा हॉल उभा राहिला, आणि सरांना काही बोलता येण्याआधी दोन मिनिटांची शांतता सुरू झाली. शांततेत बोलणं सरांच्या संस्कारात बसत नव्हतं.

शांतता संपल्याबरोबर ते अंकुरच्या दुकानाकडे धावले. अंकुर थंडपणे चहा पीत होता.

"सर, म्हातार्‍या मानसाचा एकट्याचा फोटो आला की थे श्रद्धांजलीच असते," तो म्हणाला. "वाढदिवस असता तं गॉगल असता. मले का समजत नाई काय?"

"अरे, पण तोडे कुठे आहेत? तोड्यांसाठीच तर फोटो होता."

"फोटो पार पायापर्यंत होता, सर. श्रद्धांजलीत पाय घेत नाई कोनी. म्या कापून टाकले."

सर फ्लेक्स उतरवायला परत आले तोवर त्याचा फोटो सगळ्या ग्रुपवर जाऊन पोचला होता. 'भावपूर्ण' म्हणणाऱ्यांत सरांच्या सख्ख्या साडूचाही नंबर होता. आणि दुपारी किन्हीराजाहून तुळसाबाईच्या लेकीच्या सासरची माणसं जीप भरून केनवडला उतरली.

आपल्या बायांची एक रीत आहे. दुःखाच्या घरी जायचं तर वेशीपासूनच गळा काढायचा, आणि गळा काढलेली बाई दारात आली की घरातल्या बाईनेही तिच्या गळ्यात पडून रडायचं. कोण, कसं, कधी हे नंतर. तुळसाबाई मळ्यातून मेथीचा भारा घेऊन येत होती. समोरून दोन विहिणी पदर तोंडाला लावून रडत येताहेत म्हटल्यावर तिने भारा टाकला आणि एकीच्या गळ्यात पडून मनापासून रडली. डोळ्यांना पदर असल्यामुळे कोणीच कोणाला पाहिलं नाही. चांगलं रडून झाल्यावर तुळसाबाईने नाक पुसलं आणि विचारलं, "कोन गेलं वो?"

विहीण म्हणे तिथेच चक्कर येऊन पडली. पण आलेली माणसं अशीच उपाशी पाठवता येतात का? चूल पेटली, भाकऱ्या झाल्या, वांग्याची भाजी झाली. सगळे जेवून गेले. संध्याकाळी जानरावचा सरांना फोन आला. आवाज शांत होता, हेच वाईट होतं.

"सर, माय मेली म्हनतात तुमी. तोडे घ्याले कवा येता?"

सरांनी माफी मागितली, अंकुरचं नाव सांगितलं, गॉगलपर्यंत सगळं सांगितलं. जानरावने ऐकून फोन ठेवला. नीलिमावहिनींनी त्या रात्री माळ्यावरचा टी-सेट काढून पुसून परत ठेवला.

प्रकरण इथे मिटलं असतं. पण पुढच्या खेपेला तुळसाबाईचा म्हातारपणाचा सरकारी पगार आला नाही. कचेरीतल्या कोणीतरी मोठ्या कर्तव्यदक्षतेने तो फ्लेक्स पाहून तिच्या नावापुढे 'मयत' लावून टाकलं होतं. एरवी त्या कचेरीत एक कागद इकडचा तिकडे व्हायला माणसाचे जोडे झिजतात. हे मात्र अर्ज न करता झालं.

राजपालभाऊंनी सल्ला दिला, "कोर्टात जा." मग फ्लेक्सवर आपलाही फोटो होता हे आठवून त्यांनी सल्ला मागे घेतला. जानरावने मात्र सरळ सांगितलं, "ज्यानं मारली त्यानंच जिती करून द्यावी."

हरीओम सर तुळसाबाईला घेऊन कचेरीत गेले. ती नवं लुगडं नेसली होती, जिवंत दिसावं म्हणून. टेबलावरच्या साहेबांनी कॉम्प्युटरात पाहिलं. "मयत दाखवून राह्यलं. हयातीचा दाखला आना."

"साहेब, बाई तुमच्यासमोर उभी आहे," सर म्हणाले.

"थे मले दिसते. सिस्टिमले दिसलं पायजे."

सिस्टिमला दिसण्यासाठी अंगठा लावायचा होता. तुळसाबाईने सगळा जन्म मेथी खुडली, जुड्या बांधल्या, मिरच्या तोडल्या. तिच्या अंगठ्यावर आता रेघ म्हणून उरलेली नव्हती. मशीन प्रत्येक वेळी लाल दिवा दाखवी, आणि साहेब प्रत्येक वेळी सरांकडे असं पाहत जसं सरांनी कोणाचीही म्हातारी उचलून आणली आहे. मग चेहऱ्याचा उपाय निघाला. तुळसाबाईला मोबाईलपुढे बसवलं.

"आजी, इथी पाहा आन डोळे मिचकवा."

"कोनाले?"

"मोबाईलले. जिता मानूस हाये हे समजते त्याच्यानं."

तुळसाबाईने साहेबाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "घरधन्याले मिचकवले नाई कधी. आता तुह्या मोबाईलले मिचकवू का?" आणि तिने डोळे असे ताठ उघडे ठेवले की मोबाईलने तिला थेट भिंत समजून नाकारलं.

राहिला शेवटचा उपाय, गावात तलाठ्यासमोर पंचनामा. केनवडला ग्रामपंचायतीच्या पारावर माणसं जमली. म्हातारी जिवंत आहे हे सगळ्यांना मान्य होतं, पण सही द्यायला कोणी पुढे येईना. उद्या काही झालं तर? शेवटी कांदेवाला म्हणाला, "सरांचीच घ्या ना सही. बुढी जिती हाये का मेली, याची रोज चौकशी दुसरं कोन करते?"

लोकांनी माना डोलावल्या. तलाठी हुशार माणूस. त्याला हे फारच सोयीचं वाटलं, आणि सर टायपिंगवाले म्हणून टाईप करायचं कामही त्यांच्याच गळ्यात आलं. तलाठी सांगत गेला आणि सर, ज्यांनी हजारो मुलांना 'मजकुरात भावना आणू नका' असं शिकवलं होतं, ते टाईप करत गेले. 'सदर महिला आज रोजी हयात असून, याबाबत श्री. हरीओम यांची साक्ष विशेष ग्राह्य धरण्यात येत आहे. कारण सदर महिलेच्या मृत्यूमध्ये त्यांचा हितसंबंध असून, तसे काही घडले असते तर ते सर्वप्रथम त्यांना समजले असते.'

"हे वाक्य काढता येईल का?" सरांनी विचारलं.

"पगार चालू कराचा हाये ना? मंग राहू द्या."

सरांनी 'हितसंबंध' शुद्ध टाईप केलं आणि खाली सही केली. घरी आल्यावर ते जेवले नाहीत. त्यांना रडू येत होतं, खरं सांगायचं तर. एक साधा हौशी माणूस, कोणाचं वाईट चिंतलं नाही, आणि त्याच्या सही-शिक्क्यानिशी सरकारदरबारी नोंद झाली की हा एका म्हातारीच्या मरणावर टपून आहे. ते नीलिमावहिनींना म्हणाले, "मला ते तोडे नकोत. कपाटही नको. तुझा टी-सेट मांड." वहिनींनी पहिल्यांदाच त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "आधी भाकर खा."

पगार सुरू झाला. सरांनी केनवडकडे पाहायचंच नाही असं ठरवलं. वांगी ते रिसोडातच घेऊ लागले.

आणि एका सकाळी जानराव संस्थेत येऊन उभा राहिला. धापा टाकत होता. "सर, चला लवकर. माय सराफ्यात येऊन बसली. तोडे कापून घेऊन राह्यली. माह्यं आयकत नाई."

सर चप्पल न घालता निघाले. सराफ्यात सोनाराच्या ओट्यावर तुळसाबाई बसली होती, उजवा पाय लाकडी पाटावर ठेवून. सोनाराच्या हातात छिन्नी होती आणि चेहऱ्यावर घाम होता.

"मी या धंद्यात म्हातारा झालो," तो सरांना म्हणाला, "पन जित्या बाईच्या पायातले तोडे कापले नाईत. तुमीच सांगा हिले."

"आजी, हे काय चाललं आहे?"

"तुह्यं देनं देऊन राह्यली," तुळसाबाई म्हणाली. "बाजारात सांगतलं होतं म्या, मी मेली की देईन. मेली ना मी? किन्हीराजाचे रडून गेले, जेवून गेले. सरकारनं लिहिलं. मंग झालं थे. जिती झाली म्हनून शब्द बुडवू का? लोक तुले गिधाड म्हनतात माह्यापायी, हे मले आवडत नाई. ने तोडे, आन मोकळा हो."

खोटं कशाला बोला, एक क्षणभर सरांच्या डोळ्यांपुढे कपाटातली ती रिकामी जागा आली. तोडे तिथे कसे दिसले असते तेही आलं. हक्काने मिळत होते, फुकट मिळत होते, आणि देणारी स्वतः घेऊन आली होती. मग त्यांनी तुळसाबाईकडे पाहिलं. बोलताना ती जोरात होती, पण तोंड तिने भिंतीकडे फिरवलं होतं, सुई टोचून घेताना लेकरू फिरवतं तसं. पाटावरच्या पायाची बोटं आत वळलेली होती.

"हे निंघाल्यावर चालता येते का वो?" तिने सोनाराला हळूच विचारलं. "लय वर्षं हाये हे वजन. मले तोल ठाव नाई त्याच्याबिगर."

सोनाराने कपाळावरचा घाम पुसला. त्याने छिन्नी टेकवली.

सर ओट्याखाली धपकन बसले आणि त्यांनी तुळसाबाईचे दोन्ही पाय तोड्यांसकट हातांनी गच्च धरले. एवढे दिवस या तोड्यांपायी त्यांनी अब्रू घालवली होती, पण हात लावला तो आत्ता. तोडे गरम होते. कपाटातली चांदी बारा महिने गार असते, आणि सरांना आजवर तेच चांदीचं लक्षण वाटत आलं होतं.

"आजी, मले नको," सर म्हणाले. शुद्ध बोलायचं ते पार विसरले होते. "मले तोडे नको. तुमी राहा. लय दिवस राहा. मले लोक काय म्हनतात थे म्हनू द्या."

"सोड पाय. शब्द हाये माहा."

"नाई सोडत."

तुळसाबाई पाय मागे ओढू लागली आणि सर ते पुढे ओढू लागले. सराफ्यात एव्हाना गर्दी झाली होती, केनवडची जीपही नेमकी तिथेच उभी होती. खिडकीतून कांदेवाल्याने मान बाहेर काढून पाहिलं आणि मागच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं, "पाहा बापा. आता तं जित्या बुढीच्या पायातूनच ओढून राह्यला."

सरांना हे स्पष्ट ऐकू आलं. मागे वळून खरं काय ते सांगावं असं फार वाटलं. पण हात सोडले तर सोनार छिन्नी लावेल, म्हणून त्यांनी पाय काही सोडले नाहीत.